न मांडलेलं पातं

एका राज्यात, भर दरबारात, एक म्हातारी राजाशी भांडत होती; आणि भांडण इतकं तापलं होतं की चवरी ढाळणारे चवरी ढाळायचं विसरले होते.

"उजवा हात दगडाचा केलात माझ्या लेकीचा!" म्हातारी म्हणत होती. "ज्या हातानं या नगरातली निम्मी पोरं जगात ओढून आणली, तो हात!"

"हात आम्ही केला नाही. कायद्यानं केला," राजा म्हणाला.

"आणि कायदा कुणी केला? आभाळातून पडला?"

दरबारात कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

म्हातारीचं नाव गोजरा. काम सुइणीचं. तिला लिहावाचायला कुणी शिकवलं नव्हतं. बाजारातल्या पाट्या आणि देवळांच्या पायऱ्या वाचत वाचत ती आपली आपण शिकली होती, म्हणून वेशीवरचा कायदा तिला तोंडपाठ होता. राजाचं नाव रणधवल. सात वर्षांपूर्वी त्याचे थोरले बंधू, राजे यशोधवल, खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करायला वाकले आणि कुणीतरी लपवून आणलेल्या खंजिरानं त्यांच्या पाठीत वार केला. मारेकरी सापडला नाही. रणधवल तीन दिवस रडला, चौथ्या दिवशी गादीवर बसला आणि पाचव्या दिवशी त्यानं कायदा केला.

वेशीवरच्या काळ्या शिळेवर तो कोरलेला होता: शस्त्र बाळगावे ते उघड बाळगावे. खंडेनवमीस राजचौथऱ्यावर मांडून राजाच्या हातचे कुंकू लागेल तेच उघड. न मांडलेले ते झाकलेले. झाकलेले शस्त्र जो बाळगील त्याचा हात दगड होईल, आणि दगड दर अमावास्येस एक वीत वर चढेल.

आणि खाली, बारीक अक्षरात: ज्याच्या गळ्यात राजाचा बिल्ला, त्यास हे लागू नाही.

बारीक अक्षर नेहमी मोठ्या माणसांसाठी असतं.

वेशीच्या माथ्यावर लोखंडाची टिटवी बसवलेली होती. झाकलेलं शस्त्र घेऊन कुणी खालून गेलं की ती तीनदा ओरडायची, "झाकलं! झाकलं! झाकलं!" आणि तिसऱ्या हाकेला त्या माणसाचा हात दगड व्हायचा.

गोजराची लेक साळू, तीही सुईणच, भरदुपारी वेशीबाहेरच्या कुंभारवाड्यात बाळंतपणाला निघाली होती. ओच्यात, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं, नाळ कापायचं पातं होतं. टिटवी ओरडली. साळूचा हात मनगटापर्यंत दगड झाला. शिपायांनी पातं जप्त केलं. कुंभारवाड्यातली बाळंतीण सुइणीची वाट पाहत पाहत गेली. तिचं नाव कुठल्याही शिळेवर नाही.

"पातं बोटभर होतं, महाराज," गोजरा म्हणाली. "नाळेचं पातं. त्याच पात्यानं मी तुमची नाळ कापली होती. पायाळू होतात तुम्ही. तुमच्या मातोश्री दोन दिवस अडल्या होत्या."

"तेव्हा कायदा नव्हता."

"म्हणून वाचलात!"

राजाचा डावा हात अंगरख्याच्या आत गेला आणि बाहेर आला. तशी त्याला सवयच होती. "पातं खंडेनवमीला मांडलं का नाहीत?"

"सुइणींची रीत आहे. जन्माचं पातं मारायच्या हत्यारांच्या रांगेत मांडत नाहीत. त्याला उजेड दाखवत नाहीत. ते फडक्यातून निघतं बाळासाठी आणि परत फडक्यात जातं."

"रीत तुमची, राज्य आमचं. न मांडलेलं ते झाकलेलं."

"आणि तुमच्या सरदारांच्या अस्तन्यांत काय आहे? पानसुपारी?"

सरदारांनी अस्तन्या सावरल्या. राजा उठून उभा राहिला. "म्हातारे, कायद्यात वाट आहे. झाकलेलं शस्त्र निर्दोष आहे असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं तीन साक्षी आणाव्यात. लोखंडाची, पाण्याची आणि कुंकवाची. खंडेनवमीला तीन अमावास्या उरल्या. तुझ्या लेकीचा दगड पहिल्या अमावास्येला कोपराशी जाईल, दुसरीला दंडावर, तिसरीला खांद्यावर. चौथीला काळजाशी. तिसरी आणि चौथीच्या मधे नवमी आहे. त्या दिवशी साक्षी चौथऱ्यावर मांड."

दरबार हसला. लोखंड कधी बोललंय? पाणी कधी बोललंय? कायदा लिहिताना राजा स्वतःसुद्धा हसला होता म्हणतात.

गोजरा हसली नाही. "आणते," म्हणाली, आणि पाठ फिरवून चालू पडली. राजाला पाठ दाखवू नये असंही एक कलम होतं; पण त्या दिवशी ते कुणाला आठवलं नाही.

वेशीत येऊन तिनं मान वर केली.

"टिटवे, माझी लेक चोर आहे का? खुनी आहे?"

"ते मला विचारलेलं नाही," टिटवी म्हणाली. "वेशीखालून जाईल त्याचं झाकलं की उघडं, एवढं सांगायचं माझं काम. बाकीचं कुणी विचारलं तरच."

तेवढ्यात एक सरदार घोड्यावरून खालून गेला. अस्तनीतून कट्यारीची मूठ दिसत होती. टिटवी गप्प.

"त्याचं दिसलं नाही तुला?"

"दिसलं. बिल्लाही दिसला."

गोजरा थुंकली. मग तिच्या ध्यानात आलं की टिटवीला एकच डोळा आहे, डावा. उजव्या डोळ्याच्या जागी नुसती खाच.

"उजवा डोळा कुठं गेला?"

"ज्यानं मला घडवलं त्याच्यापाशी. तो डोळा वाड्याकडच्या बाजूचा होता."

"लोखंडाची साक्षही त्याच्यापाशीच मिळेल?"

"आता विचारलंस म्हणून सांगते. मिळेल."

टिटवीला घडवणारा धुपाजी लोहार लाल डोंगरात राहत होता. मंत्र घालून लोखंड जिवंत करायची विद्या त्याला येत होती. गोजरा तिथं पोचली तेव्हा तो उंबऱ्यावर बसला होता आणि त्याचे दोन्ही हात खांद्यापर्यंत दगडाचे होते. सात वर्षांत भट्टीत राखेखेरीज काही नव्हतं. त्याच्याच मंत्राचा दगड होता म्हणून खांद्याशी येऊन थबकला होता. तेवढीच त्याची विद्या त्याच्या कामी आली.

"तुम्हालाही?" गोजरा म्हणाली.

"मलाच पहिला," धुपाजी म्हणाला. "टिटवी वेशीवर बसवून खाली उतरलो, तर ती माझ्याच डोक्यावर ओरडली. पागोट्यात छिन्नी राहिली होती. माझ्या कामाची, वीतभराची. दोन्ही हातांचं काम, म्हणून दोन्ही हात."

"महाराज काय म्हणाले?"

"म्हणाले, छान चालते."

 मग गोजरानं येण्याचं कारण सांगितलं.

"लोखंडाची साक्ष माझी ऐरण देईल," तो म्हणाला. "पण ती तापल्याशिवाय बोलत नाही. तीन दिवस, तीन रात्री भाता न थांबता ओढावा लागेल, आणि मग घणाचे तीन घाव. माझे हात हे असे. तुमचं वय झालंय."

"वय झालंय ते मला ठाऊक आहे. भाता कुठाय?"

गोजरानं भाता ओढला. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले, तिसऱ्या दिवशी तिला ते कळेनासे झाले. धुपाजी पायानं कोळसा सारत राहिला आणि तिच्या तोंडात घास देता येत नाही म्हणून रडत राहिला. चौथ्या पहाटे तिनं घण उचलला आणि तीन घाव घातले. ऐरण बोलली.

"पिढ्यांपूर्वी एक मोडका फाळ होता," ऐरण म्हणाली. "जमीन नांगरून झिजलेला. त्याचे दोन तुकडे झाले. लहान तुकड्याचं नाळेचं पातं झालं, ते सुईण घेऊन गेली. मोठा तुकडा माझ्या पायाशी पडून राहिला. सात वर्षांपूर्वी धाकटे राजे आले आणि त्याचा खंजीर करून घेऊन गेले. पातं आणि खंजीर सख्खी भावंडं. खंजीर अजून कुणी मांडलेला नाही. त्या एका लपवलेल्या लोखंडावर सगळा कायदा उभा आहे. ते कुंकवाला येईल त्या दिवशी दगड सुटतील. त्याच्या आधी नाही."

गोजरानं धुपाजीकडं पाहिलं. "खंजीर तुम्ही घडवलात."

"शिकारीला हवा म्हणाले होते."

"आणि डोळा?"

"तोही माझ्याच हातानं काढायला लावला. म्हणाले, तिला वाड्याकडं बघून काय करायचंय? मी काढला. राजाला नाही म्हणायचं मला सुचलं नाही, सुईणबाई." त्यानं पायानं ऐरणीखालची राख उकरली. आत हरभऱ्याएवढा लोखंडी मणी होता, लालबुंद, आणि तो तिच्याकडं बघत होता. "घेऊन जा. लोखंडाची साक्ष हीच."

त्या दिवशी पहिली अमावास्या होती. घरी साळूचा दगड कोपराशी आला.

जप्त केलेली शस्त्रं राज्यात एकाच ठिकाणी टाकत, आसरांच्या डोहात. डोहाच्या तळाशी जुन्या राजांचं सोनं होतं, शापाचं. सोन्याला हात लावील तो तिथंच बुडेल. म्हणून शस्त्रांना राखणदार ठेवायची गरज नव्हती. गोजरा डोहावर पोचली तेव्हा सूर्य डोक्यावर होता आणि पाणी तळापर्यंत दिसत होतं. सोनं होतं खरं, ढीगभर. त्याच्यावर जप्तीचा ढीग. राजाला मारायला आलेल्यांची हत्यारं पाहायला मिळतील असं तिला वाटलं होतं. तलवार एकही नव्हती. विळे होते, कोयते होते, न्हाव्यांचे वस्तरे, चांभारांच्या रापी, नारळ खवायची एक खवणीसुद्धा होती.

"हेच का ते राजाचे वैरी!" ती मोठ्यानं म्हणाली.

पाण्यातून कण्हणं ऐकू आलं. सात आसरा त्या डोहात राहत. सहा वर आल्या, ओल्या केसांच्या, रागावलेल्या. सातवी अडली होती. तीन दिवस.

"परत जा, माये," थोरली आसरा म्हणाली. "डोहात आज मरण आहे."

"मरण तुम्हाला काय ठाऊक? सरका."

गोजरा कमरेएवढ्या पाण्यात उतरली. फुटलेल्या हातांना पाणी झोंबलं. तिनं अडलेलीच्या पोटावर हात फिरवला, मूल आडवं होतं, ते दाबून दाबून सरळ केलं. शिव्या दिल्या, गोंजारलं, पुन्हा शिव्या दिल्या. "कळ आली की ओठ आवळू नकोस, ओरड! देवता असशील तुझ्या घरी!" सूर्य कलला तेव्हा मूल आलं. हिरव्या डोळ्यांची मुलगी. नाळ लोंबत होती.

"पातं द्या," गोजरा सवयीनं म्हणाली, आणि थांबली. पातं तळाशी होतं.

"तळाशी जाऊन तुझं ते घे," आसरा म्हणाल्या. "पण तेवढंच घे."

तिनं बुडी मारली. तिला सोन्याचा मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. झाला. सुइणीला मिळतं काय? पसाभर धान्य आणि मुलगी झाली तर शिव्या. तिचा हात सोन्याच्या कड्यापाशी क्षणभर रेंगाळला. मग तिला पांढऱ्या फडक्याचं टोक दिसलं, आणि तिनं फक्त तेवढंच उचललं.

नाळ कापली. मूल रडलं. डोहाचं सगळं पाणी एकदा थरारलं.

"पाण्याची साक्ष हवी ना?" थोरली आसरा म्हणाली. तिनं पळसाच्या पानाचा द्रोण केला, त्यात ओंजळभर पाणी घातलं. ते पाणी द्रोण उलटा केला तरी सांडत नव्हतं. त्यात केसाएवढी एक लाल रेघ होती. "हे पातं आम्ही हजारदा धुतलं. त्याच्यावरचं रक्त लगेच निघायचं. सात वर्षांपूर्वी नवमीला वाड्यामागच्या ओढ्यात एकानं हात धुतला. ते रक्त अजून विरलेलं नाही. धुताना एका बाईनं पाहिलं. तिला त्यानं उजाड गडावर नेऊन ठेवली, आणि तिनं कुंकवाचा करंडा बरोबर नेला."

ती बाई कोण हे गोजराला सांगावं लागलं नाही. यशोधवलांच्या थोरल्या राणीसाहेब विरक्त होऊन गडावर गेल्या, असं सगळ्या राज्याला सांगितलेलं होतं.

तिनं पातं ओच्यात खोवलं आणि वाट धरली. दुसरी अमावास्या वाटेत गेली. घरी दगड दंडावर चढला.

उजाड गडाला पहारा नव्हता. एक दगडी दार होतं, त्याला कडी ना कुलूप. गोजरा जवळ गेली तशी दार बोललं.

"काय झाकलंस ते सांग. एकही राहिलं तर उघडणार नाही."

"ओच्यात पातं आहे."

दार हललं नाही.

"कनवटीला टिटवीचा डोळा आहे. पदराखाली आसरांचं पाणी आहे."

दार हललं नाही.

तिनं चार शिव्या घातल्या. दाराला शिव्यांचं काही नव्हतं. ती पायरीवर बसून राहिली, दिवसामागून दिवस. तिसऱ्या अमावास्येचा दिवस उगवला. आता साळूचा खांदा. तेव्हा म्हातारीनं मान खाली घातली, आणि दाराला नव्हे, पायरीला सांगितलं:

"चूक माझी आहे. साळू दोनदा म्हणाली होती, आई, कायदा झालाय, या नवमीला पातं मांडू या. मीच म्हणाले, मांडायचं नाही. रीत आहे म्हटलं. रीत होतीच, पण खरं तसं नव्हतं. माझ्या पात्याला या राजाच्या हातचं कुंकू नको, हा माझा ताठा होता. ताठा माझा आणि हात तिचा गेला. राजाशी एवढी भांडले, पण हे मी बोलले नाही. साळूही बोलली नाही. तिनं एका शब्दानं मला दोष दिला नाही, तेच जास्त लागतं."

दार उघडलं.

आत थोरल्या राणीसाहेब बसल्या होत्या. पांढरं लुगडं, पांढरे केस, मांडीवर चांदीचा करंडा. सात वर्षांत त्या कुणाशी बोललेल्या नव्हत्या.

"तुम्ही पाहिलंत," गोजरा म्हणाली.

राणीनं मान डोलावली.

"मग बोलला का नाहीत?"

राणीचा आवाज गंजला होता. "त्यानं विचारलं, मरायचंय की गप्प राहायचंय? मला मरायची भीती वाटली. एवढंच. दुसरं काही कारण नाही."

"तुम्ही गप्प राहिलात आणि तिकडं किती जणांचे दगड काळजाशी गेले ठाऊक आहे? एक न्हावी. दोन गवत कापणाऱ्या. खवणी घेऊन माहेरी निघालेली एक सासुरवाशीण."

"तू गप्प राहिली नसतीस?"

गोजराच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. तिनं ते गिळलं. दाराबाहेर आत्ताच काय सांगून आली ते तिला आठवलं. "ठाऊक नाही," ती म्हणाली. "करंडा द्या."

"ते वाकले तेव्हा यातलंच कुंकू त्यांच्या चिमटीत होतं. मी विधवा. याला हात लावू नये म्हणून झाकून ठेवलं."

"झाकण्यावर कायदा आहे, राणीसाहेब. चला. करंडा तुम्हीच घेऊन चला."

आणि राणी उठली.

खंडेनवमी आली. राजचौथऱ्यावर तलवारी, भाले, कोयते, कुऱ्हाडी, सुऱ्या ओळीनं मांडलेल्या. सगळं नगर जमलेलं. रणधवल कुंकवाचं ताट घेऊन उभा होता. लोक बाजूला झाले, आणि गोजरा आली. तिच्या एका हाताला साळू, खांद्यापर्यंत दगडाची, दर पावलाला दगडाच्या भारानं कलंडणारी. दुसऱ्या हाताला राणी. वेशीखाली पाऊल टाकण्याआधीच गोजरानं डोळा टिटवीच्या खाचेत बसवला होता. दोन्ही डोळ्यांची झालेली टिटवी वेशीवरून सुटली आणि उडत येऊन साळूच्या दगडी खांद्यावर बसली होती.

गोजरानं साक्षी मांडल्या. टिटवी, द्रोण, करंडा.

राणीला पाहून राजाचं तोंड पांढरं पडलं. पण तो सावरला. राज्य करणाऱ्याला सावरता येतं.

"लोखंड आम्हीच घडवून घेतलेलं," तो म्हणाला. "आमच्याविरुद्ध ते कसं बोलेल? पाणी कुठल्याही डबक्यातलं असेल. आणि विधवेच्या हातचं कुंकू शास्त्रात बसत नाही. साक्षी नामंजूर."

"महाराज, साक्षी कायद्यानं मागितल्या तशाच आणल्या."

"कायद्याचा अर्थ आम्ही लावू."

"मग शिळेवर कोरला कशाला? मनातच ठेवायचा होता!"

"जास्त बोलू नकोस, म्हातारे. तुझ्या ओच्यात आत्ताही ते पातं आहे. न मांडलेलं. दोघी मायलेकी दगड होऊन वेशीवर उभ्या राहाल."

सरदार हसले. साळू हळूच म्हणाली, "आई, पुरे. चल घरी." तिच्या ओठांचाही रंग गेला होता.

तेव्हा गोजरानं ओच्यात हात घातला. फडकं सोडलं. तिच्या आईनं, आजीनं, पणजीनं जे पातं कधी उन्हाला दाखवलं नव्हतं ते तिनं तलवारींच्या आणि कुऱ्हाडींच्या रांगेत मांडलं. बोटभर लोखंड.   मग ती ताठ झाली आणि एक वाक्य बोलली.

ते वाक्य मी शेवटी सांगणार. त्याच्यापुढं सांगण्यासारखं काही उरत नाही. आधी त्या वाक्यानं काय झालं ते ऐका.

टिटवीसमोर कुणीतरी पहिल्यांदाच राजाचं झाकलेलं काढलं होतं. तिनं उजवा डोळा राजावर रोखला आणि ओरडली, "झाकलं! झाकलं! झाकलं!" राजाचा डावा हात आपणहून अंगरख्यात गेला आणि खंजीर घेऊन बाहेर आला. सात वर्षं झाली तरी त्याच्यावरचं रक्त ओलं होतं. द्रोणातली लाल रेघ सरसरत जाऊन त्या रक्ताला मिळाली. हातानं खंजीर चौथऱ्यावर ठेवला, पात्याच्या शेजारी, भावंडाशेजारी भावंड. राणीनं करंडा उघडला आणि थोरल्या राजांच्या चिमटीतलं राहिलेलं कुंकू दोन्ही लोखंडांना लावलं. बिल्ले वाटणाऱ्याच्या स्वतःच्या गळ्यात बिल्ला नव्हता; कायद्यानं आपलं काम केलं. सात वर्षांच्या सगळ्या अमावास्या राजाच्या अंगावर एकदम चढल्या, आणि राजा जिथं उभा होता तिथंच नखशिखांत दगड झाला.

साळूचा हात सुटला. धुपाजीचे सुटले. ज्यांचे दगड काळजाच्या अलीकडं होते त्या सगळ्यांचे सुटले. साळूची करंगळी तेवढी दगडाचीच राहिली. ती म्हणते, असू दे, आठवण राहते.

राणी गादीवर बसली. नवा कायदा झाला: शस्त्र बाळगावं ते उघड बाळगावं, कुणापाशी झाकलेलं निघालं तर आधी त्याला विचारावं, मग ठरवावं, पोटापाण्याचं हत्यार हे शस्त्र नव्हे, बिल्ला कुणालाही नाही. बारीक अक्षरात काहीही नाही. बिल्ले परत करायला सरदारांची रांग लागली, आणि रांगेत पुढं कोण यावरून त्यांची आपसांत हातघाई झाली.

राज्याला रीत आली. पण ज्यांचे दगड काळजाशी पोचले होते ते उठले नाहीत. न्हावी, गवत कापणाऱ्या दोघी, ती सासुरवाशीण. त्यांचे दगड वेशीबाहेर आहेत, गुरं त्यांना अंग घासतात. आणि राजाच्या दगडाला पुढं कुणीतरी शेंदूर लावला. आता त्याला नारळ फुटतात, नवस बोलतात. लोकांना काय, दगड मोठा असला की पुरे.

हे सगळं त्या एका वाक्यानं झालं. सरदार हसत होते, साळू खांद्याच्या भारानं वाकली होती, ऊन चौथऱ्यावर आलं होतं. आणि जी म्हातारी आजवर कितीही भांडली तरी राजाला 'महाराज, तुम्ही' याखेरीज बोलली नव्हती, ती पात्यावरून हात काढून, त्याच्या डोळ्याला डोळा लावून म्हणाली:

"तुझी नाळ ज्यानं कापली ते पातं मी मांडलंय, तुझ्या भावाच्या पाठीत जे गेलं ते आता तू मांड."